'धान्य आलं का' आणि 'हेच धान्य का': एका तालुक्याच्या अन्न परिषदेचं प्रकरण

तालुक्याचं नाव देत नाही. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या सीमाभागात दोन-तीन ठिकाणी जे पाहिलं-ऐकलं, ते एका तालुक्यात बसवून हे प्रकरण लिहिलं आहे. प्रशिक्षणवर्गात चर्चेला घेता यावं, एवढाच हेतू. माणसांना नावं नाहीत, हुद्दे आहेत. कायदे, योजना आणि त्यांचे आकडे मात्र जसेच्या तसे. मी कृषी विभागात विस्ताराचं काम करून निवृत्त झालो आणि तालुक्याच्या अन्नविषयक सल्लागार परिषदेचा मसुदा लिहायला बसलेल्या तिघांपैकी एक होतो. म्हणजे पूर्ण तटस्थ नाही, हे वाचताना ध्यानात असू द्यावं.

गंजात तरंगणारे दाणे

तांदूळ धुवायला गंजात, म्हणजे पातेल्यात, घेतला की काही दाणे वर यायचे. किंचित पिवळसर, सगळे एका मापाचे, पाण्यात लवकर मऊ पडणारे. धानाच्या मुलखातल्या बाईला तांदळाची पारख शिकवावी लागत नाही. एचएमटी वाण शोधणारे दादाजी खोब्रागडे याच पट्ट्यातले, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे. इथं माणसं दाणा हातावर घेऊन वाण सांगतात. तर या बायकांनी ते दाणे बघितले आणि ठरवलं, हा काही तांदूळ नव्हे. मोबाईलवर 'प्लास्टिकचा तांदूळ' दाखवणारे व्हिडिओ फिरत होतेच. महिन्या-दोन महिन्यांत घरोघरी कंट्रोलचा, म्हणजे रेशनचा, तांदूळ सुपात पसरून ते दाणे वेचून फेकण्याचं नवं काम बायकांच्या मागे लागलं. कोंबड्यांनाही कोणी ते घालेना.

दाणे प्लास्टिकचे नव्हते. तांदळाचंच पीठ, त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व कालवून, सोऱ्यातून शेव पाडावी तसे यंत्रातून पाडलेले. शंभर किलो तांदळात असे एक किलो दाणे मिसळले की झाला फोर्टिफाइड तांदूळ. २०१९ मध्ये केंद्राने पंधरा राज्यांत प्रत्येकी एका जिल्ह्यात हा प्रयोग मंजूर केला, त्यात महाराष्ट्रातून गडचिरोली होता. १५ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी तो देशभर नेण्याची घोषणा केली आणि मार्च २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळ्या रेशन दुकानांतून हाच तांदूळ मिळू लागला.

यात एक गंमत आहे, म्हटलं तर. हे धान बहुतेक इथलंच. आदिवासी विकास महामंडळाच्या नाही तर पणन महासंघाच्या खरेदी केंद्रावर शेतकरी ते घालतो, तिथून ते गिरणीत जातं, क्विंटलभर धानाला ६७ किलो तांदूळ या हिशोबाने भरडून निघतं, तिथंच त्यात ते दाणे पडायचे, मग गोदाम, मग कंट्रोलचं दुकान. आपल्याच बांधीतलं धान आपल्याच ताटात परत येतं, तेव्हा ते ओळखू येत नाही.

बायका दाणे वेचून फेकत होत्या म्हणजे नेमकं काय फेकत होत्या, याचा हिशोब आम्ही नंतर मांडला. मानकाप्रमाणे किलोभर फोर्टिफाइड तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असायला हवं. माणशी महिन्याला पाच किलो रेशन धरलं, आणि सगळा तांदूळच मिळाला असं धरलं, तर दिवसाला साधारण पाच ते सात मिलिग्रॅम लोह झालं. गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० असतं. वाढ लहान आहे, पण रोजची आहे. निवडलेल्या तांदळात मात्र ती शून्य. सरकारने दाणे मिसळण्यावर पैसा खर्च केला, ते का मिसळले हे सांगण्यावर केला नाही, आणि बायांनी घरी बसून सगळी योजना सुपाने पाखडून टाकली.

अफवेचा बंदोबस्त करणं अवघड नव्हतं. एका अंगणवाडी सेविकेने बायकांसमोर ते दाणे जाळून दाखवले. वितळले नाहीत, करपून राख झाली. तिच्या गावापुरतं ते प्रकरण मिटलं. आपलं प्रकरण दुसऱ्या गावात सुरू होतं.

सहा टेबलं

त्या गावात एका बाईचा मुलगा सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा, रुग्ण. वाहक नव्हे, रुग्ण. कार्डावर एसएस लिहिलेला. विदर्भाच्या या भागात हे कार्ड ओळखीचं आहे, बऱ्याच गावांत सापडेल. मुलाची थोरली बहीण बारावी सायन्सला. तिने मोबाईलवर वाचलं की २०१८ च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार लोह घातलेल्या अन्नाच्या पाकिटावर इशारा छापायचा असतो: थॅलेसेमियाच्या रुग्णांनी वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं, सिकलसेलच्या रुग्णांनी घेऊ नये. हा नियम तेव्हा लागू होता. पण नियम लेबलाचा, आणि दुकानात तांदूळ मिळतो काट्यावर सुटा. कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, काय छापलंय ते दुकानदार आणि त्याचा हमाल सोडून कोणाच्या नजरेला पडत नाही.

आई दुकानदाराकडे गेली. तो म्हणाला, "वरून आला, मी काय करू बाई?" खरंच होतं ते. पुरवठा निरीक्षकाने सांगितलं, आजाराचा विषय आहे, आरोग्य विभागाला विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगितलं, तांदळाचा विषय आहे, पुरवठा विभागाला विचारा. अंगणवाडीत पर्यवेक्षिका म्हणाली, आम्हाला शिजवायचं पत्रक आलंय, बाकी काही आलं नाही. शाळेत मुख्याध्यापक म्हणाले, डब्यात भाकर दिली तर आमची हरकत नाही. (सहानुभूतीने म्हणाले, पण धानपट्ट्यात ज्वारी विकत आणावी लागते.) तालुक्याला गेली तर तिथं अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली आणि अर्ज परत आरोग्याकडे पाठवला.

सहा टेबलं. एकही माणूस तिच्याशी वाईट बोलला नाही, हे मुद्दाम नोंदवतो. आपल्याकडे अशी प्रकरणं लिहिताना एखादा खलनायक लागतो. इथं तो नाही. प्रत्येकाने आपापल्या कक्षेपुरतं बरोबर उत्तर दिलं, आणि तिचा प्रश्न कोणाच्याच कक्षेत बसत नव्हता.

तिने तो ग्रामसभेत मांडला. "माह्या पोराले हा तांदूळ खाऊ घालू का नको, एवढंच सांगा ना जी. हो म्हणा नाई तं नाई म्हणा." ग्रामसभेने ठराव केला. ठराव पंचायत समितीत गेला, तिथून तहसीलला, तहसीलमधून जिल्ह्याला. शेवटी जिल्हाधिकारी मॅडमच्या टेबलावर जी फाईल आली तिच्यात एक ठराव आणि 'पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर' म्हणणारी पाच-सहा पत्रं होती. त्यांनी फाईलवर लिहिलं: असे प्रश्न एकत्र घेण्यासाठी तालुकास्तरावर अन्नविषयक सल्लागार परिषद करता येईल का, मसुदा द्यावा.

समित्या काय कमी होत्या?

हा प्रश्न तहसीलदार साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारला आणि तो रास्त होता. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम २९ प्रमाणे राज्य, जिल्हा, तालुका आणि दुकान अशा चार पातळ्यांवर दक्षता समित्या आहेत. आदिवासी भागात नवसंजीवन योजनेची गाभा समिती आहे. गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. शाळेत व्यवस्थापन समिती. अव्वल कारकुनाने बोटांवर मोजल्या आणि म्हणाला, "धानापेक्षा समित्यांचं पीक जास्त आहे काकाजी आपल्याकडं."

मग आम्ही कलम २९ काढून वाचलं. दक्षता समितीचं काम काय? योजनांच्या अंमलबजावणीवर देखरेख, कायद्याचा भंग किंवा अफरातफर दिसली तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवणं. धान्य आलं का, पुरं आलं का, मापात आलं का, हे तिने बघायचं. तांदूळ वेळेवर, पूर्ण वजनाने, अंगठा लावून मिळाला की तिच्या लेखी सगळं ठीक. हेच धान्य का, यात काय मिसळलंय, ते कोणाला चालत नाही, हे विचारायची जागा त्या कलमात नाही.

सल्ल्याची जागा कायद्यात आहे, पण ती फार वर. कलम १६ मध्ये राज्य अन्न आयोग आहे. अध्यक्ष, पाच सदस्य, एक सदस्य-सचिव. राज्य सरकारला अंमलबजावणीविषयी सल्ला देणं त्याच्या कामांत लिहिलेलं आहे. रेशनमध्ये हळूहळू इतर धान्यं आणावीत हे कलम १२ मध्ये सुधारणा म्हणून आहे. म्हणजे धोरणाची चर्चा कायद्याला मान्य आहे, पण ती मुंबईत व्हायची. सहा टेबलं फिरलेल्या बाईने ती मुंबईत जाऊन करावी अशी सोय कोणी केलेली नाही.

हे फक्त धानपट्ट्याचं दुखणं नाही. पश्चिमेकडे, अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत आणि वर्ध्यात, आत्महत्याग्रस्त जिल्हे म्हणून केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी पाच किलो धान्य दोन-तीन रुपये किलोने मिळत होतं. २०२३ मध्ये ते थांबून माणशी महिना १५० रुपये खात्यात जमा करायचं ठरलं. पाच किलोला १५०, म्हणजे किलोला तीस. ज्याच्या गावात किराण्याचं दुकान आहे आणि भाव तीसच्या आत आहे त्याला ते परवडलं असेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडचा माझा एक मित्र, कापूसवाला, एवढंच म्हणाला, "पैसे बापाच्या खात्यात येते अन् धान्य मायच्या हातात येत होतं." हा फरक कुठल्या समितीच्या इतिवृत्तात लिहिला जाणार?

कोण बसणार

पहिला मसुदा माझाच होता आणि तो वाईट होता. तेवीस सदस्य लिहिले, त्यात सतरा अधिकारी. सवयीने. तहसीलदार, गटविकास अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, बालविकास प्रकल्प अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, तालुका कृषी अधिकारी, गोदामपाल, सहायक निबंधक, असं करत गेलो आणि उरलेल्या सहा जागांवर 'अशासकीय सदस्य' लिहून मोकळा झालो. आमच्यातली तिसरी, समाजकार्याच्या महाविद्यालयात शिकवणारी ताई, म्हणाली, "काकाजी, ही तर आमसभा झाली." तिने ब्राझीलचं उदाहरण काढलं. तिथं राष्ट्राध्यक्षांना सल्ला देणारी अन्न सुरक्षा परिषद १९९३ मध्ये निघाली, मध्ये बंद पडली, २००३ मध्ये पुन्हा उभी राहिली. दोन तृतीयांश सदस्य समाजातले, एक तृतीयांश सरकारचे, आणि अध्यक्ष समाजातला. प्रमाण उलटं करून बघू, असं ठरलं.

दुसऱ्या मसुद्यात पंधरा जण. सहा अधिकारी, नऊ इतर: तीन मंडळांतून बचत गटाच्या तीन बाया, एक धान उत्पादक, एक भूमिहीन मजूर, जंगलावर जगणारा एक माडिया आदिवासी कुटुंबातला, शाळेत पोषण आहार शिजवणारी एक, एक एकल महिला, आणि सिकलसेल रुग्णाच्या घरचं एक माणूस. निवडून आलेले कोण घ्यायचे हा पेच अर्धा आपोआप सुटला होता. मार्च २०२२ पासून इथल्या जिल्हा परिषद-पंचायत समितीवर प्रशासक होते, सभापती नव्हतेच. ग्रामसभांनी नावं सुचवायची असं लिहिलं. आमदारांच्या कार्यालयातून अध्यक्षपदाविषयी विचारणा आली, तिचं उत्तर जिल्हाधिकाऱ्यांनी कसं दिलं मला माहीत नाही, पण विचारणा पुन्हा आली नाही.

वाद दोन जागांवर झाला. रेशन दुकानदाराला घ्यायचं का? बाया एकमुखाने नको म्हणाल्या. मला तो हवा होता. क्विंटलमागे १५० रुपये मार्जिनवर (२०२४ चा हा दर) तो दुकान चालवतो, मशीन बंद पडलं तर शिव्या त्यालाच बसतात, आणि कट्ट्यावर काय छापलंय हे वाचणारा तालुक्यात तोच एक. पण मी हरलो. आज वाटतं बाया बरोबर होत्या: तो समोर बसला असता तर त्याच्या दुकानाच्या यादीतलं कोणी तोंड उघडलं नसतं.

दुसरा वाद आशा आणि अंगणवाडी सेविकांचा. त्या सरकार की समाज? राहतात गावात, मानधन सरकारचं, आणि पर्यवेक्षिका शेजारी बसली की "सगळं बरोबर आहे म्याडम" याच्यापुढे जात नाहीत. खरी माहिती तर त्यांच्याकडेच. त्यावर तोडगा निघाला तो मला अजूनही या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कामाचा वाटतो. बैठक दोन तासांची. पहिल्या तासात अधिकारी नाहीत. नऊ सदस्य आणि बोलावलेल्या आशा-सेविका आपसांत बोलतील, प्रश्न ठरवतील, आणि प्रश्न परिषदेचा म्हणून लिहिला जाईल, कोणी काढला ते नाव नाही. दुसऱ्या तासाला अधिकारी येतील.

दिवस ठरला आठवडी बाजाराचा, कारण त्या दिवशी माणसं तालुक्याला येतातच. रोवणीच्या आणि धानकापणीच्या दिवसांत बैठक नाही. आलेल्याचा रोज बुडतो म्हणून रोजगार हमीच्या मजुरीइतका भत्ता आणि जाण्यायेण्याचं भाडं. यावर हिशोबाच्या टेबलावर फाईल तीन आठवडे अडकली. सल्ला द्यायला मजुरी कशी, असा शेरा होता. अधिकाऱ्याला बैठकीच्या दिवसाचा पगार मिळतो, एवढंच आम्ही उत्तरात लिहिलं.

एका क्रियापदाचं भांडण

मसुद्यातलं नववं कलम असं होतं: 'परिषदेने लेखी विचारलेल्या प्रश्नास संबंधित कार्यालयाने तीस दिवसांत लेखी उत्तर द्यावे, परिषदेचा सल्ला मान्य नसल्यास त्याचे कारण नमूद करावे.'

टंकलेखनाहून परत आलं तेव्हा ते असं झालं होतं: 'उत्तर देण्याचा प्रयत्न करावा.'

कोणी बदललं हे शोधण्यात अर्थ नव्हता. अव्वल कारकून, जो मला आतापर्यंत चांगला ओळखू लागला होता, समजुतीने म्हणाला, "सल्लागार परिषद आहे न जी. सल्ला म्हणजे मानला तं मानला. बंधन कसं घालाचं?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने झालेली परिषद कोणत्याही विभागाला हुकूम देऊ शकत नाही. धान खरेदी राज्याची, तांदळात काय मिसळायचं ते केंद्राचं, आहाराचे दर शासन निर्णयातले. तालुक्यात ठरवण्यासारखं फार थोडं आहे.

मी त्याला म्हटलं, सल्ला मानू नका. नाही म्हणा. पण नाही हे कागदावर, तारीख टाकून, सही करून म्हणा. त्या बाईला सहा टेबलांवर कोणी नाही म्हटलं नव्हतं, हीच तर अडचण होती. नाही मिळालं असतं तर ती पुढे कुठे जायचं ते ठरवू शकली असती. तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आयोगाकडे, कोर्टात, नाहीतर शेजारणीकडून साधा तांदूळ उसना घेऊन घरी.

हे भांडण दीड महिना चाललं. बाकी सगळ्या कलमांवर मिळून तेवढा वेळ गेला नसेल. शेवटी मॅडमनी हाताने 'प्रयत्न करावा' खोडून 'द्यावे' लिहिलं आणि शेजारी सही केली. मला आनंद झाला, आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण जे एका सहीने येतं ते एका सहीने जातं. ब्राझीलची परिषद तर २००६ च्या कायद्यात बसवलेली होती. तीही १ जानेवारी २०१९ ला, नवं सरकार आलं त्याच दिवशी, एका फटक्यात मोडीत निघाली आणि २०२३ मध्ये सरकार बदलल्यावरच परत आली. आमचा तर साधा कार्यालयीन आदेश. म्हणून ताईच्या सांगण्यावरून ग्रामसभांचे ठरावही सोबत घेतले. आदेश गेला तरी ठराव राहतील, असा हिशोब.

पहिल्या दोन बैठका

पंचायत समितीच्या सभागृहात पहिला तास सुरू झाला आणि वीस मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग शाळेत शिजवणारी बाई म्हणाली, आधी पंखा लावा. त्यानंतर मात्र थांबवावं लागलं.

माडिया सदस्याचं बोलणं एका शिक्षकाने मराठीत सांगितलं. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता बंद, म्हणून चार महिन्यांचं धान्य आधीच गावात येतं. येतं ते बरंच आहे, पण ठेवायचं कुठे? उंदीर खातात, ओल लागते. पूर्वी घरोघरी बांबूच्या ढोल्या होत्या. ढोल्यांना पैसा मिळेल का? याचं उत्तर परिषदेत लगेच निघालं, कारण पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या गावांच्या ग्रामसभांना अबंध निधी थेट मिळतो, त्यातून त्या स्वतः ठरवू शकतात. परिषदेने काही केलं नाही, फक्त हे तुमच्या हातात आहे असं सांगितलं. गरोदर-स्तनदा माता आणि लहान मुलांसाठीच्या अमृत आहार योजनेतल्या अंड्यांचे दर आणि बाजारभाव यांचा प्रश्न आला, तो वर पाठवायचा होता, पाठवला. तरोटा, काटवल, सात्या, वास्ते या रानभाज्या अंगणवाडीच्या ताटात घेता येतील का यावर अर्धा तास इतकी रंगून चर्चा झाली की बालविकास प्रकल्प अधिकारी स्वतःच्या आजीच्या भाजीची कृती सांगू लागल्या. लेखी प्रश्न त्यातून काही निघाला नाही.

आणि तांदूळ. प्रश्न असा लिहिला: सिकलसेलच्या एसएस रुग्णाने रेशनचा फोर्टिफाइड तांदूळ खावा किंवा नाही, खाऊ नये असेल तर त्याला पर्याय काय. तालुका आरोग्य अधिकारी तरुण होते. त्यांनी बैठकीतच प्रामाणिकपणे सांगितलं की माझ्याकडे यावर लेखी सूचना नाही, मागवून देतो. त्यांनी समजावलंही: लोह साचण्याचा धोका मुख्यतः ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांना, आणि सिकलसेलच्या काही रुग्णांत लोहाची कमतरताही असते, म्हणून सरसकट एक उत्तर देता येत नाही. आईने विचारलं, "म्हंजे माह्या पोराचं रक्त तपासाव लागन?" ते हो म्हणाले. वर्षभरात मिळालेलं हे पहिलं उत्तर.

तीस दिवसांत दोन पत्रं आली. आरोग्याचं: नोंदणी झालेल्या रुग्णांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने सेवन करावे. पुरवठ्याचं: गोदामात फक्त फोर्टिफाइड तांदूळ येतो, वेगळ्या वाटपाची तरतूद नाही. दोन्ही पत्रं बैठकीत शेजारी शेजारी ठेवली. एक कार्यालय म्हणतं डॉक्टरने नको म्हटलं तर खाऊ नका, दुसरं म्हणतं तेवढंच आहे. आतापर्यंत ही दोन वाक्यं एका टेबलावर कधी आली नव्हती.

परिषदेने सल्ला दिला. प्रत्येक दुकानात मराठी आणि माडियात फलक: हे दाणे काय आहेत, वेचून का फेकू नयेत, सिकलसेल-थॅलेसेमियाच्या रुग्णांनी कोणाला भेटावं. नोंद झालेल्या रुग्णांची तपासणी ठरलेल्या दिवशी. आणि ज्यांना डॉक्टरांनी मनाई केली त्यांच्यासाठी दाणे मिसळण्याआधीचा तांदूळ गिरणीतूनच बाजूला ठेवावा. गिरणी तालुक्यातच, महिन्याला लागणार काही क्विंटल. करण्यासारखं वाटत होतं. पहिल्या दोन गोष्टी झाल्या. तिसरीवर उत्तर आलं की दाणे न मिसळलेला तांदूळ गोदामात जमाच करून घेता येत नाही.

फलक लागून थोडेच महिने झाले होते तेव्हा, २०२४ मध्ये, एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, लेबलावरचा तो इशाराच काढून टाकला. तज्ज्ञ समितीने तपासलं, अशा तांदळाने या रुग्णांना अपाय होतो याला पुरावा सापडला नाही, असं कारण. हे कारण खोटं आहे असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही, आणि दिवसाला पाच-सात मिलिग्रॅमचा आमचा हिशोब बघता त्यात तथ्य असावं असंच मला वाटतं. पण दुकानातले फलक बदलायचे होते. रंगाऱ्याने तिसरी ओळ पांढऱ्या रंगाने पुसली. बैठकीत एक बाई म्हणाली, "काल धोका होता, आज नाई. कोणाले इचारून गेला थो?" आरोग्य अधिकारी थोडं हसले, मग गप्प झाले. तोही प्रश्न लिहून घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने फोर्टिफाइड तांदळाची योजना डिसेंबर २०२८ पर्यंत वाढवली.

सध्याची स्थिती

मॅडमची बदली झाली. नव्या साहेबांनी आदेश रद्द केला नाही, पुढची बैठकही लावली नाही. रोवणीमुळे तसाही खंड होता, तो लांबला. भत्त्याची दोन बिलं थकली आहेत. शिजवणाऱ्या बाईने येणं सोडलं, तिची जागा ग्रामसभेने अजून भरलेली नाही. माझ्या मसुद्यात एक ढोबळ चूक राहिली: बैठक कोणी बोलवायची ते तहसीलदारांवर सोडलं. ठरावीक संख्येने सदस्यांनी मागितल्यास बैठक घ्यावीच लागेल, असं एक वाक्य हवं होतं. पुढे कोणी असा मसुदा लिहिणार असेल तर ते नववं कलम आणि हे वाक्य आधी लिहा, सदस्यांची यादी मागून.

बैठक नसली तरी प्रश्नांची वही सुरू आहे. ती बचत गटाच्या एका सदस्येकडे असते. बाजाराच्या दिवशी भाजी विकून झाली की ती वही घेऊन तहसीलमध्ये जाते आणि नवव्या कलमाचा आधार देऊन स्मरणपत्र देते. पर्यायी तांदळाच्या प्रश्नावर तिसऱ्या स्मरणपत्राला उत्तर आलं: सदर बाब या कार्यालयाच्या अधिकारकक्षेत येत नसल्याने विनंती मान्य करता येत नाही. जावक क्रमांक, तारीख, सही, गोल शिक्का.

त्या मुलाच्या आईने बसस्टँडजवळच्या दुकानात त्या उत्तराच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक मुलाच्या सिकलसेल कार्डासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. दुसरी पुढे करून तिने मला विचारलं, "आयोगाचा पत्ता सांगता का काकाजी? मुंबईचा."